हळदीचं गोल्डन

गणेशपुरी
४ नोव्हेंबर २०२४

भूपेश,

काल भाऊबीज झाली. तुला माहीत असेलच, कॅलेंडर तुझ्या दुकानात पण टांगलेलं हाय. मी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. दुपारी तुझा फोन, ट्रॅफिकमध्ये अडकलोय. संध्याकाळी मी फोन केला तर म्हणतोस, मी येतो असं कुठं बोललो, बघतो बोललो होतो. सख्खी बहीण भाऊबीजेला ओवाळायला बसते आणि तू शब्दांचा कीस काढतोस. लाज न्हाय वाटत?

म्हणून आजपासून फोन बंद. फोनवर तू बोलतोस आणि मग म्हणतोस मी असं बोललोच न्हाय. जे काय असेल ते कागदावर लिहून दे. माझी चिठ्ठी फुलांच्या जुडीच्या कागदात असेल. तुझी तू रिकाम्या क्रेटमध्ये ठेव, हिरामण टेम्पो घेऊन येतोच रोज. त्याला वाचायचा कंटाळा हाय, काळजी नको.

साडी मिळाली. सोबत पिशवीभर वांगी कशाला पाठवलीस रे? वांगं खाल्लं की माझं अंग सुजतं, ओठ फुगतात, जन्मापासून हाय हे. माझी निशा सहा वर्षांची असताना लग्नाच्या पंगतीत वाढप्याला ओरडून सांगायची, माझ्या आईला वांगं वाढू नका. तुझी चाळिशी उलटली तरी तुला आठवत न्हाय. वांगी शेजारी दिली.

रामनाथ भाऊजींच्या घरी जाणं होतं का? माझी पोर कशी हाय? एवढं लिही. बाकी काय नको.

मेघाली

*

धामणकर नाका, भिवंडी
७ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. आधी कान पकडतो. दिवाळीत तीन हॉलचं डेकोरेशन होतं, पोरं गावाला पळालेली, मी एकटा स्टेजवर खिळे ठोकत होतो. पुढच्या वर्षी नक्की. बघ, लिहून दिलं.

निशा मजेत आहे. जास्त जाणं होत नाही, पण मजेत आहे.

आता कामाचं. फेब्रुवारीच्या २० तारखेला एक हळद आहे. पार्टी एकदम मोठी. आपल्याकडची हळद तुला माहीत आहे, लग्नापेक्षा खर्च हळदीवर. त्यांना सगळा मांडव पिवळा पाहिजे. झेंडू नको म्हणतात, झेंडू सगळेच लावतात. मी त्यांना तुझ्या गोल्डन रॉडच्या पिवळ्या तुऱ्यांचा फोटो दाखवला, लगेच ओके. कमान, स्टेज, नवरीची खुर्ची, सगळं गोल्डनमध्ये. एवढा माल मार्केटमधून एका दिवशी मिळणार नाही. तुझं पूर्ण शेत एकाच वेळी फुलायला पाहिजे. होईल का?

तुझा भूपेश

*

गणेशपुरी
१२ नोव्हेंबर

भूपेश,

होईल. पण काय मागतोस ते समजून घे. गोल्डन सगळं एकदम फुलत न्हाय. एक वाफा तुऱ्यावर असतो, दुसरा पोटरीएवढा, तिसरा नुकता छाटलेला, म्हणून रोज चार जुड्या निघतात आणि माझी चूल पेटते. एकदम फुलवायचं म्हणजे सगळी झुडपं आज जमिनीपासून कापायची. छातीएवढी वाढलेली, कळ्या धरलेली पण. मग खालून नवे फुटवे येतील आणि सगळे एका तालात वाढतील. तोवर मी रिकामी. तू म्हणतोस म्हणून आज कापायला घेतली. एक वाफा तेवढा ठेवते, तेल-मिठापुरता आणि चिठ्ठीपुरता.

कापताना जीव गलबलला. ह्या शेतातली पहिली ओळ निशानं लावलेली. तू नाशिककडून गोणीत मुळ्यांचे मुनवे आणले होतेस, वाळकी काटकुळी. ती म्हणाली, आई हे तर मेलेले हायत. मी म्हटलं, पुरून बघ. तिनं बोटानं खड्डे केले. पाऊस संपताना ती त्या झुडपांत उभी राहिली की दिसायची न्हाय. त्याच वर्षी तिचे वडील चांगदेव गेले आणि वर्षसराच्या जेवणाला रामनाथ भाऊजी म्हणाले, पोरीला आमच्याकडं पाठव, भिवंडीत इंग्लिश शाळेत घालू, तू इथं शेतात तिला काय देणार. सख्खा काका. मी पाठवली. आधी मे महिन्यात यायची. मग क्लास, मग परीक्षा, मग काय ते कुणी सांगितलंच न्हाय. आठ वर्षं झाली, मी तिला बघितलेलं न्हाय. मी गेले की घरात नसते, फोन केला की बाथरूममध्ये असते.

हळद कुणाची हाय ते लिहिलं न्हाईस. मी माझं शेत कुणासाठी कापलं ते मला माहीत असावं.

मेघाली

*

भिवंडी
१५ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. थँक्यू ताई, तू आहेस म्हणून टेन्शन नाही. पार्टी खाडीकडची आहे, गोदामवाले. तू ओळखत नाहीस. मुलगा उरणकडचा.

खत-औषध काय लागेल ते हिरामणकडे सांग, पाठवून देतो.

तुझा भूपेश

*

गणेशपुरी
१० जानेवारी २०२५

भूपेश,

मधे दोन महिने तू फक्त 'माल बरा होता', 'माल कमी होता' एवढंच लिहिलंस. ठीक हाय. माझ्याकडं पण सांगायला झाडांशिवाय काय न्हाय.

फुटवे कमरेपर्यंत आलेत. थंडीत पानाखाली तांबेरा दिसला, नारिंगी पुटकुळ्या. रोगट पानं हातानं खुडली, औषध मारलं, आता बरं हाय. असं एकसारखं शेत मी कधी बघितलं न्हाय. लोक बांधावर उभे राहून बघतात.

आपली ठकुबाई धवलारीण येऊन गेली. तिला पण २० तारखेच्या कुठल्या हळदीची सुपारी आलीय, खाडीकडं. म्हणाली, पोरीचं नाव-गाव सांगायला माणूस येणार हाय, मग हळदीची गाणी, धवले जुळवायला बसेन. मी म्हटलं तीच हळद दिसतेय, माझं गोल्डन आणि तुझा धवला एकाच मांडवात. दोघी हसलो.

तुझ्या पार्टीला सांग, फुलं अर्धी उमललेली घेतली तर चार दिवस टिकतात. पूर्ण फुललेली मागितलीस तर हळदीच्या रात्री झगझगीत दिसतील आणि लग्नाच्या सकाळी गळायला लागतील. त्यांचं त्यांनी ठरवावं.

मेघाली

*

भिवंडी
१३ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. पूर्ण फुललेली घे. लग्न दुसऱ्या हॉलला आहे, तिथलं डेकोरेशन दुसऱ्याकडे.

ठकुबाईशी जास्त बोलत बसू नको. म्हातारी फार बडबडी आहे, इकडचं तिकडे करते. तू झाडांकडे बघ.

तुझा भूपेश

*

गणेशपुरी
२८ जानेवारी

भूपेश,

ती. बिती लिहू नकोस मला. मी तुझी कोण लागते ते आज नव्यानं ठरवावं लागेल.

काल तिन्हीसांजेला ठकुबाई आली. ओसरीवर बसली, पाणी पण प्यायली न्हाय. म्हणाली, मेघाली, पोरीच्या धवल्यात आईचं नाव घ्यावं लागतं. आईनं मांडवात पोरीला कशी आणली, आईच्या डोळ्याला पाणी कसं आलं, ते गावं लागतं. मला सांगून गेलेत की नवरीचं नाव निशा, बाप रामनाथ, आई रामनाथची बायको. मी त्या पोरीचं बारसं ह्या अंगणात गायलेय. आता मी कुणाचं नाव घेऊ ते तू सांग.

ती गेल्यावर मी तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बसले.

तुला माहीत होतं. नोव्हेंबरपासून माहीत होतं. 'पार्टी खाडीकडची, तू ओळखत न्हाईस', तुझ्या हातानं लिहिलेलं हाय, माझ्यापुढं पडलंय. माझ्या पोटच्या पोरीची हळद, आणि माझ्याकडून फुलं मागवलीस. मी उभं पीक कापलं, थंडीत पहाटे पाणी धरलं, एकेक पान खुडलं, आणि मला पत्ता न्हाय की मी कुणाचा मांडव सजवतेय. केसानं गळा कापलास रे.

आणि तू कोण? तू तिचा मामा. मामाच्या हाताला धरून पोर मांडवात येते. तिचा बाप रामनाथ झाला, आई जाऊबाई झाली, तर मामा पण त्या बाईचाच भाऊ होणार ना? मग तुझं काय उरलं? मांडववाला. मामा असून मांडववाला झालास, आणि तोंडात मूग गिळून बसलास.

काय ते खरं लिही. एकदा तरी.

मेघाली

*

भिवंडी
३० जानेवारी

ताई,

शिव्या घाल, माझी चूकच आहे.

खरं असं आहे. स्थळ उरणचं, चांगलं. मुलगा धनेश, पोर्टमध्ये ऑफिसात आहे. पहिल्या बैठकीत रामनाथ भाऊजींनी निशा आपलीच मुलगी असं सांगितलं. बाप वारला, आई माहेरी शेतात राबते असं सांगितलं की समोरचे दहा प्रश्न विचारतात. एकदा बोलून गेले, मग मागे येता येईना. पत्रिका तशाच छापल्या. आता तू मांडवात उभी राहिलीस तर सगळं बाहेर येणार, लग्न मोडणार, आणि मोडलं तर निशाने तोंड कुठे दाखवायचं?

मला बोलावून बोलले, डेकोरेशन तूच कर, पण मामा म्हणून पुढे येऊ नको. माझं अर्धं दुकान त्यांच्या घरच्या कार्यांवर चालतं. मी हो म्हटलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. गोल्डन तुझ्याकडून घेतलं कारण मला वाटलं, निदान तुझं काहीतरी तिच्या अंगाला लागेल. हे खोटं नाही, आईशपथ.

निशाचा यात दोष नाही. तिला सांगितलंय की आईला निरोप गेला होता, आईनेच यायला नकार दिला. ती बिचारी तेच धरून बसलीय. तिला काही माहीत नाही.

तू फुलं देणार नसशील तर समजू शकतो. पण लवकर कळव.

भूपेश

*

गणेशपुरी
३ फेब्रुवारी

भूपेश,

चार दिवस विळा हातात घेऊन वाफ्यात उभी राहिले. कापून बैलापुढं टाकावं असं मनात होतं. कळ्या धरल्यात, टोकं वाकलीत. हात उचलला न्हाय. झाडानं काय केलंय?

तुझ्या चिठ्ठीतलं एकच वाक्य मी परत परत वाचते. 'तिला काही माहीत नाही.' माझी पोर समजते की आई रुसलीय, आईनं नकार दिला. म्हणून फोन घेत नसेल. म्हणजे तिचा राग हाय, तिरस्कार न्हाय. रागाचं काय, माणूस दिसलं की राग जातो.

तर ऐक. फुलं देते. सगळी देते. पण गोल्डन बांधायला मी येणार. तुझ्या कामाच्या बाया असतात ना, फुलं बांधणाऱ्या, त्यातली एक. हिरामणच्या टेम्पोतून येईन. मांडवात कुणाला आई म्हणून भेटणार न्हाय, हळद लावायला हात पुढं करणार न्हाय, विधवेनं लावायची नसते ते मला पण कळतं. जाऊबाई समोर आली तर मान खाली. मला फक्त तिला बघायचंय. आणि तिनं मला बघावं. तिला कळावं की मी नकार दिला नव्हता, मी आले होते. लग्न मोडेल असं मी काय करीन का? माझीच पोर हाय ती.

नको म्हणालास तर शेताला उद्या काडी लावते. हे पण लिहून देते.

मेघाली

*

भिवंडी
६ फेब्रुवारी

ताई,

ये. पण माझ्या अटीवर. पदर डोक्यावर, दुपारी बायांबरोबर यायचं, कमानीचं आणि खुर्चीचं काम करायचं. जेवायला बायांच्या पंगतीत स्टेजमागे बसायचं. डीजे सुरू झाला की टेम्पोत. कोणी नाव विचारलं तर सांग, वज्रेश्वरीची फुलवाली. निजामपुऱ्यातून पिवळे पडदे आणायला मी दुपारी जाणार, तेवढ्यात हिरामण तुला आणि माल दोघांना हॉलवर सोडेल.

मला घाबरवू नको, ताई. तुझ्या पाया पडतो.

भूपेश

*

भिवंडी
२३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. सगळं सुखरूप पार पडलं. लग्न पण झालं, पोर उरणला गेली. लोकांनी गोल्डनचे व्हिडिओ काढले, स्टेज बघून दोन पार्ट्यांनी माझा नंबर घेतला. रामनाथ भाऊजी पण खूश.

तू शब्द पाळलास. माझा जीव मुठीत होता, खरं सांगतो. तुम्ही बाया स्टेजमागे जेवायला बसलेल्या आणि नेमकी निशा मैत्रिणींबरोबर त्या बाजूने मेकअप रूमकडे निघाली. तुझ्यासमोर थांबली. वाढप्याला काहीतरी बोलली आणि पुढे गेली. साऊंड टेस्टिंग चालू होतं, मला ऐकू आलं नाही. पाणीबिणी मागितलं असेल. पण तिने तुला ओळखलं नाही, देवाची कृपा. ओळखलं असतं तर रडारड झाली असती आणि सगळाच घोटाळा.

तू पण तिला डोळे भरून बघितलंस. मनासारखं झालं ना? आता राग सोड. दोन्ही नव्या पार्ट्यांना मेमध्ये गोल्डन पाहिजे. छाटणी कधी घेतेस ते कळव.

तुझा भूपेश

*

गणेशपुरी
२७ फेब्रुवारी

भूपेश,

तुला ऐकू आलं न्हाय. मी तिच्या पायाशी बसले होते, मला आलं.

कमान मी बांधली. खुर्ची पण मीच. खुर्चीच्या पाठीला सगळ्यात लांब तुरे लावले, तिनं मान टेकली की केसांना लागतील असे. एक काडी मोडली न्हाय. शेजारची बाई म्हणाली, मावशी, घरचं कार्य असल्यासारखं काय करताय, हात उचला. मी हात उचलले.

मग पंगत. पत्रावळीवर भात, वरण पडलं. वाढपी पोरगा वांगं-बटाट्याची बादली घेऊन आला. मी हात आडवा करणार तेवढ्यात पिवळी साडी समोर थांबली. मी वर बघितलं. चांगदेवांचं नाक, चांगदेवांची हनुवटी. कानामागं गोल्डनचा एक तुरा खोचलेला, माझ्याच वाफ्यातला. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, भूपेश. इकडं तिकडं न्हाय, सरळ माझ्याकडं. घटकाभर.

मग वाढप्याला म्हणाली, "ह्या मावशींना वांगं वाढू नको, त्यांना चालत नाही."

आणि गेली. मागं वळून बघितलं न्हाय. मैत्रिणीनं काहीतरी विचारलं तर हसली पण.

मावशी. कामाच्या बाईला म्हणतात तसं.

तू विचारतोस मनासारखं झालं ना. माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, तिला काही माहीत न्हाय. तुझंच वाक्य. त्याच्या जोरावर मी पंधरा दिवस जेवले, झोपले, फुलं कापली. मला वाटलं, मला बघून तिला कळेल आई आली होती. तिला कळायला काय शिल्लकच नव्हतं. तिला सगळं माहीत हाय. मी कुठं हाय, मला का बोलावलं न्हाय, मला काय खाल्लं की सुजतं, सगळं. पोरगी काय विसरली न्हाय. तिनं आठवून, समजून, मला तिथंच बसू दिलं.

अनोळखी नजरेनं बघितलं असतं तर मी आयुष्यभर तुझ्या रामनाथाला शिव्या देत बसले असते. बरं झालं असतं. आता कुणाला देऊ? आणि वांग्यापासून वाचवलं म्हणून तिच्यावर माया पण येते, ह्याचा सगळ्यात जास्त संताप येतो. ते घासभर वांगं मी खाल्लं असतं तर काय मेले नसते. ओठ सुजले असते, दोन दिवसांत उतरले असते.

मी पत्रावळीवरचा सगळा वरणभात जेवले. टाकला न्हाय. मग टेम्पोत जाऊन बसले. ठकुबाईचा आवाज तिथपर्यंत येत होता. आईच्या नावाच्या जागी तिनं नुसतं 'आई' म्हटलं, नाव कुणाचंच घेतलं न्हाय. तेवढी लाज त्या म्हातारीला हाय.

मेमधलं गोल्डन दुसरीकडून घे. मी परवा ट्रॅक्टर घातला. सगळे मुनवे उपटून बांधावर टाकलेत, पहिल्या ओळीचे पण. हवे असतील तर हिरामणला सांग, गोणी भरून घेऊन जा, कुणाला तरी लावायला दे. एखादी मुळी मातीत राहिली असेल तर वर येईल, ती मी खुडत राहीन.

वाफ्यांत वांगी लावतेय. रोपं कालच आणली. मला खायची न्हाईत, पण विकायला बरी, आणि ती कुणाच्या हळदीला लागत न्हाईत. वांगी पोत्यातून जातात, त्यांना जुडी नसते. म्हणून चिठ्ठी पण ही शेवटची.

मेघाली